थारला ब्रीदर फिल्टर लावावा का? लावायचाच तर कुठे आणि कसा?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पहिला तुमच्या गाडीचा. २०१४ची थार सीआरडीई (टर्बो डिझेल), स्नॉर्कल म्हणजे टपाच्या उंचीवरून हवा घेणारा पाइप बसवलेला आहे, इंटरकूलरचा (टर्बोने दाबलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीचा) होज काढला की आत तेल दिसतं. ॲक्सेसरीवाला सांगतोय की टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या वरच्या झाकणावरून) टर्बोच्या पाइपात जाणारा ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेचा, होज काढून टाका, त्याच्या तोंडाला छोटा कोन फिल्टर लावा, म्हणजे तेल आत जाणं बंद. दुसरा प्रश्न मित्राच्या जुन्या एमएम ५४० जीपचा. तिच्या ब्रीदरची नळी इंजिनाच्या बाजूने खाली उघडीच लोंबतेय, तिला फिल्टर लावावा का?

थारला तो फिल्टर लावू नका. तिला तेल वेगळं करणारा कॅच कॅन हवा आणि होज परत टर्बोच्या पाइपातच जायला हवा. जीपला मात्र फिल्टर जरूर लावा, पण नळी वर नेऊन. दोन गाड्यांची उत्तरं अशी उलटी का, ते आता सविस्तर सांगतो, कारण हे ध्यानात न घेता बसवलेल्या फिल्टरने चांगली इंजिनं खराब होताना मी पाहिली आहेत.

रिंगा कितीही नव्या असोत, प्रत्येक स्फोटाच्या वेळी थोडा दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटतोच. गॅरेजात आपण याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो, पुस्तकात ब्लो-बाय. त्यात हवा, जळालेला वायू, वाफ आणि तेलाचं धुकं असतं. हा वायू क्रँककेसमधून, म्हणजे पिस्टनच्या खालच्या इंजिनाच्या पोटातून, सतत बाहेर पडायलाच हवा, ब्रीदर त्यासाठीच आहे. पेट्रोल गाडीत थ्रॉटलमागे व्हॅक्यूम असतो, तो पीसीव्ही व्हॉल्व्हमधून हा वायू ओढून घेतो. डिझेलमध्ये असा भरवशाचा व्हॅक्यूम नसतो, म्हणून ब्रीदरचा होज एअर फिल्टर आणि टर्बो यांच्या मधल्या पाइपाला जोडतात. टर्बो हवा खेचतो तेव्हा तिथे हलकी ओढ तयार होते आणि क्रँककेस मोकळी राहते.

बाजारात मिळणारा छोटा फिल्टर लावला की ही ओढ संपते. आता वायूला स्वतःच्या दाबाने फिल्टरच्या कापडातून बाहेर पडावं लागतं. फिल्टर नवा असेपर्यंत काही जाणवत नाही. पण हा फिल्टर आतून तेलाने भिजतो आणि बाहेरून त्याच ओल्या कापडावर धूळ बसते. आपल्याकडची उन्हाळी ट्रेल म्हणजे पुढच्या गाडीने उडवलेल्या मातीत मागच्या सगळ्या गाड्या. कोकणातल्या जांभ्याची ती पीठासारखी लाल धूळ ओल्या कापडात शिरली की झटकून निघत नाही. दोन-तीन ट्रेलनंतर कापडाचा चिखल होतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो.

कोंडलेला दाब मग वाट शोधतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग ओलं होतं, डिपस्टिक वर सरकते, मागचं क्रँक सील तेल सोडू लागतं आणि ते तेल क्लच प्लेटवर जातं. चढावर क्लच सरकतोय म्हणून गाडी येते, क्लच उघडला की प्लेट तेलकट निघते, सील बदललं जातं आणि महिन्याभरात नवं सीलही गळतं. वर ब्रीदरकडे कोणी बघतच नाही.

टर्बोचं दुखणं याहून महाग पडतं. टर्बोच्या बेअरिंगला तेल पंपाच्या दाबाने मिळतं, पण परत जाताना ते नुसतं उतारावरून, गुरुत्वाकर्षणाने खाली क्रँककेसमध्ये येतं. खाली दाब असेल तर ते उतरत नाही. बेअरिंगच्या घरात तुंबतं आणि दोन्ही बाजूंच्या सीलमधून बाहेर पडतं. इनटेकमध्ये तेल, सायलेन्सरमधून निळा धूर. ‘टर्बो ऑइल मारतोय’ म्हणून टर्बो बदलला जातो आणि नवा टर्बोही तसाच ऑइल मारतो. एका ग्राहकाच्या गाडीला दुसऱ्या ठिकाणी असा नवा टर्बो बसला होता आणि धूर होता तसाच होता. ब्रीदरवरचा मळलेला फिल्टर काढून नुसता होज मोकळा सोडला, अर्धा तास गाडी चालवली, धूर विरळ झाला. टर्बोला हात लावायच्या आधी ही तपासणी करायला पैसे लागत नाहीत.

आता पाण्याचं, कारण तुमच्याकडे स्नॉर्कल आहे. स्नॉर्कल तुम्ही कशासाठी बसवलात? इंजिनाने टपाच्या उंचीवरून हवा घ्यावी म्हणून. कंपनीने जोडलेला ब्रीदर त्याच पाइपात उघडतो, म्हणजे तुमच्या क्रँककेसचं तोंडही आपोआप टपाच्या उंचीवर गेलेलं आहे. तो होज काढून टॅपेट कव्हरवर फिल्टर लावलात की ते तोंड थेट बॉनेटखाली आलं. हजारो रुपये घालून मिळवलेली उंची एका छोट्या फिल्टरने घालवली. ऑफरोडिंगच्या गाडीत मी हा हिशेब सगळ्यात आधी बघतो: गाडीला जितकी तोंडं आहेत, त्यातलं सगळ्यात खालचं तोंड हीच तिची पाण्यातली मर्यादा.

यावर कोणी म्हणेल की इंजिन चालू असताना ब्रीदरमधून वायू बाहेर येत असतो, पाणी आत कसं जाईल? चालू असेपर्यंत नाही जाणार, हे खरं. पण ओढ्यात गाडी बंद पडली की तापलेलं इंजिन गार पाण्यात निवू लागतं, आतली हवा आकसते आणि बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. नंतर डिपस्टिक काढली की तेल दुधाच्या चहासारखं दिसतं. गोव्यात २०१४पासून ऐन पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा होत आली आहे, तिथल्या गाड्यांचे ब्रीदर बघण्याची संधी मिळाली तर जरूर बघा. तिथे पाणी आणि चिखल बॉनेटवर येणं नेहमीचं आहे.

यात एक जुनी गंमतही आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या पेट्रोल इंजिनावर क्रँककेसचा वायू मॅनिफोल्डकडे ओढणारा व्हॉल्व्ह होता, त्या काळच्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांना मात्र खाली उघडी नळी असायची. पाण्यातून जाणाऱ्या लष्करी गाड्यांना खाली उघडी नळी परवडणारी नव्हती. प्रदूषणाच्या कारणाने बंद ब्रीदर अमेरिकेत सर्वसाधारण गाड्यांवर आला तो १९६०च्या दशकात. म्हणजे बंद ब्रीदर ही नुसती प्रदूषणवाल्यांनी लादलेली कटकट आहे, असं समजून तो उखडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं की त्याची एक गरज पाण्यातून जाणाऱ्या गाडीचीच होती.

कायद्याचंही एकदा सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदातला तपशील कंपनीने ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल गाडीत करता येत नाही. बंद ब्रीदर उघडून धूर हवेत सोडणं हाही कंपनीच्या व्यवस्थेत केलेला बदलच आहे. शिवाय तो धूर तुमच्याच केबिनमध्ये येतो. थारच्या काउलमधून (पुढच्या काचेखालच्या पत्र्यातून) ब्लोअर हवा घेतो आणि बरेच जण फिल्टर नेमका त्याच्याजवळ बांधतात. घाटात काचा लावून दोन तास बसलं की डोकं दुखतं, मुलं उलट्या करतात आणि आपण घाटाला दोष देतो.

म्हणजे थारला कॅच कॅन. पण कॅन घेण्याआधी एक दिवस इंजिनासाठी द्या. इंटरकूलरच्या होजात तेलाचा पातळ थर असणं हे या जातीच्या डिझेल इंजिनात नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. होज उलटा केल्यावर धार लागत असेल तर मात्र कारण शोधायला हवं, आणि बरेचदा ते फार साधं निघतं. तेल जास्त भरलेलं असतं. ट्रेलला जायचं म्हणून ‘असू दे थोडं वर’ करत अर्धा लिटर जास्त घालण्याची सवय बऱ्याच जणांना आहे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली की क्रँकचे वेब तेलात आपटतात, तेल घुसळलं जातं आणि ब्रीदरमधून धुक्याऐवजी थेंब जातात. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, तेल दोन खुणांच्या मध्ये किंवा वरच्या खुणेला टेकलेलं, बस.

मग बॅक कॉम्प्रेशन. ऑइल भरायचं झाकण उलटं करून नुसतं तोंडावर ठेवायचं आणि इंजिन आयडलला बघायचं, ही रस्त्यावरची तपासणी सगळ्यांना माहीत आहे. झाकण थरथरणं ठीक, उडून पडणं वाईट. पण यावरून इंजिन खोलायचा निर्णय घेऊ नका. त्यापेक्षा पाण्याची नळी लावा. भंगारातून ऑइलचं जास्तीचं झाकण आणा, त्याला भोक पाडून निपल बसवा. दोन मीटर पारदर्शक नळी घ्या, एका फळीवर यू आकारात बांधा, निम्म्यापर्यंत रंगीत पाणी भरा आणि एक टोक निपलला जोडा. दोन्ही बाजूंना पाण्याच्या वर निदान अर्धा मीटर नळी रिकामी राहू द्या, नाहीतर ओढ जास्त निघाली तर पाणी इंजिनात जाईल. दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे तुमचं रीडिंग.

धडधाकट इंजिनात कंपनीचा ब्रीदर जोडलेला असताना आयडलला फरक जेमतेम दिसतो, कधी थोडी उलटी ओढही दिसते. माझा कामाचा नियम असा की रेस केल्यावर फरक चार-पाच इंचांवर जाऊन तिथेच राहत असेल तर आधी होज तुंबलाय का ते बघायचं, मग टॅपेट कव्हरच्या आतली जाळी, आणि हे दोन्ही स्वच्छ असेल तर रिंगा-लायनरचा विचार. निपलची नळी लांब करून फळी केबिनमध्ये आणता आली तर फार छान. शेजारी बसलेल्याने घाट चढताना, पूर्ण लोडवर, रीडिंग बघायचं. उभ्या गाडीत रेस करून जे कळत नाही ते कात्रजचा जुना घाट तिसऱ्या गिअरमध्ये सांगतो. हे आकडे लिहून ठेवा. कॅन बसवल्यावर पुन्हा हीच नळी लावायची आहे. आकडा होता तेवढाच आला पाहिजे, एखाद इंचाने वाढला तर चालेल. त्याहून वाढला तर कॅन लहान आहे, किंवा नळी कुठेतरी आवळली आहे.

रिंगा खरोखर गेल्या असतील तर कॅन काय किंवा फिल्टर काय, काही उपयोग नाही. इंजिनाचं काम करा, ते पैसे तिथेच घाला.

कॅन निवडताना फसायची जागा म्हणजे चकचकीत ॲल्युमिनियमचे डबे. झाकण उघडून आत बघा. आत काहीच नसेल, नुसता रिकामा डबा आणि दोन निपल, तर वायू एका भोकातून येऊन तेल घेऊनच दुसऱ्यातून निघून जातो. आत आडवे पडदे किंवा विणलेली स्टेनलेस जाळी हवी, ज्यावर धुक्याचे थेंब आपटून मोठे होतात आणि खाली ओघळतात. हे बघून काही जण डब्यात भांडी घासायची तारेची घासणी कोंबतात. कृपा करून करू नका. कंपनाने तिचे तुकडे पडतात आणि होजमधून थेट टर्बोच्या पंख्यावर जातात. पैसे घालायची तयारी असेल तर मान हुमेलचा प्रोव्हेंट २०० हा या कामासाठीच बनवलेला सेपरेटर आहे. त्यात बदलता येणारा फिल्टर असतो आणि तो तुंबला तर दाब सोडून देणारा व्हॉल्व्हही असतो. ऑस्ट्रेलियातले ऑफरोडवाले डिझेल गाड्यांवर तो सर्रास वापरतात. २.५ लिटरच्या तुमच्या इंजिनाला तो पुरून उरतो. साध्या कॅनच्या डोक्यावर छोटा फिल्टर दिलेला असेल तर ते भोक बुच लावून बंद करा. आपल्याला बंद व्यवस्था हवी आहे.

नळीचं माप हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. टॅपेट कव्हरच्या निपलचा बाहेरचा आणि आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरने मोजा, आणि पुढे कुठेही, कॅनच्या निपलमध्येसुद्धा, आतला व्यास त्याहून कमी होऊ देऊ नका. १९ मिमीच्या जागी १२ मिमीची नळी आली की वाट निम्मीसुद्धा उरत नाही, ४० टक्क्यांवर येते. दुकानदार रिड्युसर देतो, घेऊ नका.

होज तेलाला टिकणाऱ्या रबराचा घ्या, नायट्राइल म्हणून मागा. दिसायला तसाच असलेला रेडिएटर-हीटरचा होज पाण्यासाठी असतो. तेलाने तो आतून फुगतो, मऊ पडतो आणि गरम झाल्यावर टर्बोच्या ओढीने चपटा होतो. पारदर्शक पीव्हीसी नळी तर बॉनेटखाली एक उन्हाळासुद्धा काढत नाही. क्लिपा रुंद पट्टीच्या, कडा गोल असलेल्या.

कॅनची जागा शोधताना तीन गोष्टी बघा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोपासून लांब, कारण तेलाचा थेंब तापलेल्या लोखंडावर पडणं म्हणजे आग. ब्रीदरच्या निपलपासून कॅनपर्यंतचा होज सलग चढता असावा किंवा सलग उतरता, मध्ये पोट पडू देऊ नका. पोटात तेल आणि पाणी साचून वाटच बंद होते. आणि खालचा नळ हाताला सहज लागला पाहिजे, नाहीतर तुम्ही तो कधीच उघडणार नाही. कॅन होजवर लोंबत ठेवायचा नाही. फायरवॉलच्या किंवा फेंडरच्या आतल्या पत्र्यावर लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट, रबरी बुश घालून.

कॅनच्या बाहेर जाणारा होज टर्बोच्या पाइपातल्या जुन्याच जागी घट्ट जोडा. खालचा नळ नेहमी बंद. तो किंचित उघडा राहिला तर टर्बो त्या वाटेने न गाळलेली हवा ओढेल. आणि ज्यांनी आधीच फिल्टर लावून टर्बोच्या पाइपातलं भोक नुसतं टेपने झाकलं आहे, त्यांनी आज बॉनेट उघडून ते बघावं. एका गाडीत टेप उष्णतेने सुटून लोंबत होती. पाइप काढला तर त्या भोकापासून टर्बोपर्यंत आतल्या तेलकट थरावर लाल मातीचा पट्टा होता आणि कंप्रेसरच्या पात्यांच्या धारा बोथट झालेल्या. एअर फिल्टर नवाकोरा, शेजारचं भोक सताड उघडं. कुठल्याही कारणाने ते भोक बंद करायचंच झालं तर निपलवर बाहेरून चढणारी जाड सिलिकॉनची टोपी लावा, वर क्लिप आवळा. आत ठोकलेलं बुच किंवा एम-सील लावलेला बोल्ट नको. सुटला तर तो ओढीबरोबर आतच जाणार.

कॅन बसवल्यावर इंटरकूलरमधलं जुनं तेल काढायचं असेल तर इंटरकूलर खाली उतरवून काढा, आणि धुतल्यावर पूर्ण वाळवा. आत रॉकेल किंवा डिझेल राहून गेलं तर गाडी सुरू करताच इंजिन ते पितं आणि ॲक्सलरेटर न दाबता रेस घेतं.

कॅन पहिल्यांदा दोनशे-तीनशे किलोमीटरला रिकामा करा. किती निघालं, कसलं निघालं, यावरून पुढची वेळ ठरवा. पावसाळ्यात लोणावळ्या-ताम्हिणीकडे जाऊन-येऊन असाल तर काळ्या तेलाऐवजी मळकट पांढरं, पाणचट काहीतरी निघेल. लगेच हेड गास्केट गेलं म्हणून धावू नका. ब्लो-बायमध्ये वाफ असतेच, गार कॅनमध्ये तिचं पाणी होतं. रेडिएटरची पातळी उतरत नाही ना आणि डिपस्टिकवरचं तेल स्वच्छ आहे ना, एवढं बघा. याचा आणखी एक फायदा असा की ईजीआरची (जळालेला वायू परत इंजिनात सोडणाऱ्या व्यवस्थेची) काजळी आणि ब्रीदरचं तेल मिळून मॅनिफोल्डमध्ये जो डांबरासारखा थर बसतो, तो बसण्याचा वेग कमी होतो.

ऑफरोड गाडीला कॅन हवाच असं मी म्हणतो त्याचं आणखी एक कारण आहे, गाडी आडवी होणं. कुशीवर पडलेल्या डिझेल गाडीत तेल टॅपेट कव्हरमधून ब्रीदरच्या होजात उतरतं आणि इनटेकमध्ये जातं. इंजिन तेच तेल जाळून धावत सुटतं, चावी बंद केली तरी थांबत नाही. त्या वेळी गाडी सरळ असेल तर वरचा गिअर टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडायचा आणि इंजिन दाबून बंद पाडायचं, किंवा हवेची वाट जाड फळीने, रबरी मॅटने बंद करायची. हात लावायचा नाही. आणि पडलेली गाडी उभी केल्यावर लगेच स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरवर तेल साचलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन हाताने फिरवायचं, तेल बाहेर येऊ द्यायचं, मग पुढचं. कॅनमुळे हे संकट टळतंच असं नाही, पण आत जाणाऱ्या पहिल्या तेलाला थांबायला जागा मिळते, तेवढ्यात चावी बंद करता येते.

आता मित्राची जीप. तिच्या खाली लोंबणाऱ्या नळीला ड्राफ्ट ट्यूब म्हणतात. गाडी वेगात असताना खालून जाणारा वारा नळीच्या तिरप्या तोंडाशी ओढ तयार करतो आणि वायू निघून जातो. ट्रेलवर गाडी लो रेंजमध्ये माणसाच्या चालीने चालते, तिथे वारा कुठला? म्हणजे ओढ नाही, आणि तोंड ॲक्सलच्या उंचीला, ओढ्यात सगळ्यात आधी बुडणारं. इथे टर्बोही नाही. एमएम ५४०मध्ये प्यूजोचं २.१ लिटरचं साधं डिझेल येतं. म्हणून इथे फिल्टर लावून काही हिरावलं जात नाही, उलट मिळतंच.

पण फिल्टर इंजिनावर नको. नळी काढून टाका, तिथून निपलच्याच मापाचा नायट्राइल होज फायरवॉलला धरून वर न्या, बॉनेटच्या मागच्या कडेपर्यंत. होज सलग चढता ठेवा म्हणजे त्यात साचलेलं तेल परत इंजिनात उतरेल. टोकाला फिल्टर, त्याचं तोंड आडवं किंवा खाली वळलेलं, म्हणजे धुताना आणि पावसात पाणी शिरणार नाही. केबिनच्या हवेच्या झडपेपासून जितका लांब जाईल तितका न्या. जीप उघडी असली तरी हे पाळा. फिल्टर छोटा घेऊ नका. नळी १९ मिमीची असली तरी अंग मोठं असलेला घ्या, कारण तुंबायला जास्त वेळ लागतो. इथेही आधी आणि नंतर पाण्याच्या नळीने रीडिंग घ्या.

फिल्टरची देखभाल दर ट्रेलनंतर. काढून रॉकेलमध्ये बुडवायचा, आतून बाहेर असा धुवायचा, साबणाच्या पाण्यातून काढून सावलीत वाळवायचा. कॉम्प्रेसरची हवा बाहेरून मारू नका, माती कापडात आणखी खोल जाते. वेगळं तेल लावायची गरज नाही, इंजिन स्वतःच लावतं. दोन फिल्टर ठेवले तर एक वाळेपर्यंत जीप उभी राहत नाही. फिल्टरमधून थेंब गळू लागले तर तो धुण्याचा प्रश्न नाही, बॅक कॉम्प्रेशन तपासायची वेळ आली आहे.

मारुती जिप्सीवाल्यांनी हे वाचून आपल्या गाडीवर तसंच करू नये. ती पेट्रोल आहे, पीसीव्ही व्हॉल्व्ह आहे. तो व्हॉल्व्ह काढून फिल्टर लावणं चूक. व्हॉल्व्ह हलवून बघा, आतला खटका वाजला पाहिजे. नसेल वाजत तर नवा टाका. ज्या पेट्रोल गाड्यांना हवा मोजणारा एमएएफ सेन्सर आहे, त्यांच्यात ब्रीदर उघडला की न मोजलेली हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं आणि आयडल डळमळतं.

दोन्ही गाड्यांच्या दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ब्रीदर याच वेळी बघून घ्या. तापलेला डिफरेन्शियल गार ओढ्यात गेला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर तुंबलेला असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. कंपनीच्या टोप्या काढून त्या जागी निपल बसवा आणि बारीक होजने सगळी तोंडं फायरवॉलजवळ एकत्र वर आणा. इथे वायू फार वाहत नाही, त्यामुळे सहा-आठ मिमीचा होज पुरतो आणि टोकाला लहानसा फिल्टर चालतो. ॲक्सल खाली-वर होतो म्हणून होज तिथे सैल सोडा, आणि गाडी जॅकवर घेऊन चाक पूर्ण लोंबतं सोडून तो ताणला जात नाही ना, ते एकदा बघा.